वैमानिकाचे गद्य : जे. आर. डी. टाटा

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालेला प्रवासी कासारवाडीस आला म्हणजे त्यास नाशिक फाट्यावरील दुमजली पूल लागतो. त्याखालून एक वाट पिंपरी-चिंचवडकडे सरळ जाते व दुसरी भोसरीवरून चाकणकडे वळते. ह्या पुलास भारतरत्न जे. आर. डी. टाटा ह्यांचे नाव दिलेले आहे. अशा पुलास मराठीत उड्डाणपूल म्हणतात, आणि हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना ज्यांनी मिळविला त्यांचेच नाव त्यास लाभावे, हा योग आम्हांस मोठा रमणीय वाटतो. परंतु पाळी सुटल्यावर कारखान्यांच्या बसगाड्यांतून ह्या पुलावरून जाणाऱ्या मंडळींस टाटा म्हणजे कोण असे विचारले, तर उत्तर बहुधा मालमोटारींचे, पोलादाचे किंवा मिठाचे येते. विमान उडविणारे टाटा कोणास ठाऊक असलेच तर भिंतीवरील एखाद्या छायाचित्रापुरते. आणि लेखणी धरणारे टाटा तर जवळजवळ कोणासच ठाऊक नाहीत.

प्रस्तुत लेखाचा विषय हे लेखणी धरणारे टाटा होत. जे. आर. डी. ह्यांनी स्वतः ग्रंथ असा लिहिला नाही. त्यांच्या भाषणांतील उतारे १९८६ साली ‘कीनोट’ ह्या पुस्तकात एकत्र झाले. पत्रांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर २००४ साली प्रसिद्ध झाला. आणि रूसी लाला ह्यांनी १९९२ साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत बऱ्याच आल्या आहेत. मराठीत गिरीश कुबेर ह्यांच्या ‘टाटायन’ ह्या २०१५ सालच्या ग्रंथाने टाटा घराण्याचा इतिहास सामान्य वाचकाच्या हाती दिला, हे त्या ग्रंथाचे ऋण आम्ही मान्य करतो. तथापि चरित्र वाचणे वेगळे आणि चरित्रनायकाचे गद्य वाचणे वेगळे. पहिल्यात आपण त्या पुरुषाविषयी आदर बाळगतो. दुसऱ्यात त्याच्या विचाराची चाल आपल्या अंगवळणी पडते. जे. आर. डीं.च्या बाबतीत आम्ही आदर पुष्कळ बाळगला. वाचन मात्र फार थोडे केले. ह्या उपेक्षेने आपले काय गमावले, ते दाखविण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

विमान हा शब्द ह्या प्रदेशास नवा नाही. पिंपरीपासून देहू हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुकोबाराय सदेह वैकुंठास गेले ही श्रद्धा तेथील वारकऱ्यांच्या अंतःकरणात आजही जिवंत आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटात दामले व फत्तेलाल ह्यांनी ते वैकुंठगमन पडद्यावर दाखविले, तेव्हा सबंध महाराष्ट्राने ते साश्रू नयनांनी पाहिले. त्या श्रद्धेविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही; भक्तीचे विमान भक्तीच्या आकाशातच शोभते. परंतु ज्या बाबतीत यंत्राचा संबंध येतो तेथेही आमचे मन चमत्कारासच चिकटून राहिले. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडविले, असे आजही आवेशाने सांगितले जाते; तळपदे ह्यांची जिज्ञासा व खटपट खरी होती, परंतु ते उड्डाण झाल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार अशा चर्चेत घेतला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासला, आणि त्यातील आकृत्यांप्रमाणे केलेले विमान उडू शकणार नाही असा निर्णय दिला. तरी दंतकथा मरत नाही. तिचे कारण असे की उड्डाण ही एकदाच, अकस्मात आणि कोणा थोर पुरुषाच्या हातून घडणारी गोष्ट आहे, अशी आमची समजूत आहे. तीच गोष्ट उद्या सकाळी ठरल्या घटकेस पुन्हा घडली पाहिजे, आणि परवाही घडली पाहिजे, हा विचार आम्हांस रुचत नाही. जे. आर. डीं.च्या गद्याचे सारे मोल ह्या दुसऱ्या विचारात आहे.

गंमत अशी की त्यांचा स्वतःचा आरंभ चमत्कारापासूनच झाला. त्यांचा जन्म १९०४ साली पॅरिस येथे झाला. आई फ्रेंच, वडील पारशी. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो ह्या गावी राही. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरियो तेथे शेजारी होता. त्याचा मुख्य वैमानिक आदोल्फ पेगू ह्याने १९१३ साली आकाशात विमानाचा उभा फेर घेण्याचे जाहीर प्रयोग करून सबंध युरोपास वेड लावले होते. हा पेगू आपले विमान आर्देलोच्या वाळूवर उतरवी, आणि लहानगा जहांगीर ते पाही. पुढे पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांस विमानात बसावयास मिळाले, आणि मोठेपणी आपण वैमानिक व्हावयाचे हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. म्हणजे ज्या मुलाने पुढे विमानास वेळापत्रकाच्या दावणीस बांधले, त्याला विमानाचा नाद एका कसरतपटूने लावला. ही आठवण सांगताना जे. आर. डी. तिचा बडेजाव करीत नाहीत. मुलाच्या डोळ्यांनी जे दिसले तेवढेच ते सांगतात.

परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. शिक्षकाबरोबर पावणेचार तास उड्डाण झाल्यावर ते एकटे आकाशात गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत भाग घेतला. हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांमधील अंतर एकट्याने विमानातून काटणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास पाचशे पौंड मिळावयाचे होते. जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून पूर्वेकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग नादुरुस्त झाल्याने तो अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले, आणि अस्पीने काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकली. हाच मुलगा पुढे हवाई दलात शिरला व १९६० साली स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

हा प्रसंग आमच्या शालेय पुस्तकांतून औदार्याची गोष्ट म्हणून सांगता येईल, आणि तशी ती सांगितलीही जाते. परंतु ज्याने दिले त्याच्या तोंडून ती ऐकावी. तो आपल्या दानाचे वर्णन करीत नाही. अस्पी जिंकला हे बरेच झाले, त्यायोगे त्याचा हवाई दलाचा मार्ग मोकळा झाला, एवढेच तो म्हणतो. वाळवंटात अडकलेल्या वैमानिकास दुसऱ्या वैमानिकाने प्लग द्यावयाचे, ही त्याच्या मते व्यवसायाची रीत आहे. तिला नीतिकथेचा साज चढवावा असे त्यास वाटत नाही. लेखकाचा गुण ज्यास म्हणतात तो आम्हांस येथे प्रथम दिसतो. सांगण्यासारखी गोष्ट हातात असून ती चढवून न सांगणे हे ज्यास साधते, त्याच्या इतर विधानांवरही वाचकाचा विश्वास बसतो.

आता ज्या उताऱ्यावर त्यांची वैमानिक-लेखक म्हणून योग्यता ठरावी, त्याकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या लहान विमानातून टपालाची थैली घेऊन उड्डाण केले, आणि अहमदाबादेस थांबून ते मुंबईस जुहू येथे उतरले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. मुंबईपासून पुढे बल्लारीवरून मद्रासकडे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा हा आरंभ. ह्या सकाळीचे स्मरण जे. आर. डीं.नी पुढे एका भाषणात केले आहे, आणि ते सर्वत्र उद्धृत होते. परंतु त्याची रचना कोणी न्याहाळल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

त्या उताऱ्यात तीन गोष्टी लक्षात येतात. एक, वाक्याचा कर्ता एकटे जे. आर. डी. नाहीत, पस मॉथ आणि मी असे दोघे मिळून आनंदाने वर गेलो, असे ते म्हणतात, आणि त्यातही विमानास आधी मान देतात. शेतकरी बैलाविषयी किंवा जुना कारागीर आपल्या लेथविषयी ज्या सुरात बोलतो, तोच हा सूर आहे. दुसरी गोष्ट वेगाची. ताशी शंभर मैल हा त्या काळी वाखाणण्याजोगा वेग होता. ते त्यास डोळे दिपविणारा असे विशेषण देतात आणि ते विशेषणच अवतरणचिन्हांत घालून आपण आपल्यास हसतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आकाशात गेल्यावर त्यांनी मूक प्रार्थना केली ती उपक्रमाच्या यशासाठी आणि त्यात राबणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी. सूर्योदय, समुद्र, एकांत ह्यांपैकी कशाचीही आरास त्यांनी मांडली नाही. हा उतारा दहा-बारा ओळींपलीकडे नसेल. परंतु यंत्र, स्वतः आणि सहकारी ह्या तिघांचे परस्परांशी नाते त्यात जसे बसविले आहे, तसे बसविण्यास पुष्कळ लेखकांस सबंध प्रकरण खर्ची घालावे लागते.

ज्यांचे नाव वर आले त्या व्हिन्सेंट ह्यांविषयी दोन शब्द येथे लिहिणे अवश्य आहे, कारण त्यांचे चरित्र ह्या लेखाच्या प्रतिपादनास पूरक आहे. ते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले व ब्रिटिश हवाई दलातून आलेले वैमानिक. आपल्या एका सोबत्यासह दोन जुनी युद्धविमाने घेऊन ते ह्या देशात आले, आणि गावोगावच्या मैदानांवर उड्डाणे दाखवून व हौशी लोकांस आकाशात फेरफटका घडवून त्यांनी पैसे मिळविले. त्या काळी वैमानिकाचा हाच धंदा होता; जत्रेतल्या पाळण्याप्रमाणे विमान म्हणजे तमाशाची वस्तू. असे प्रदर्शन करीत हिंडताना त्यांच्या मनात टपालसेवेची योजना आली आणि ती घेऊन ते टाटांकडे गेले. प्रदर्शन सोडून वेळापत्रकाकडे वळलेला हा पहिलवान १९४२ साली महायुद्धात विमानप्रवास करीत असता मृत्यू पावला. जे. आर. डी. आपल्या आठवणींत ह्या स्नेह्यास श्रेय देण्यास चुकत नाहीत. योजना त्याची होती, हे ते स्वच्छ सांगतात.

टपालसेवेच्या त्या पहिल्या वर्षांचे त्यांनी केलेले वर्णन विनोदाने भरलेले आहे, आणि त्यात आम्हां पुणे-पिंपरीकरांचा थोडा वाटा आहे. जमिनीवर वा आकाशात कोणतेही मार्गदर्शक साधन नव्हते. बिनतारी यंत्र नव्हते. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रकाठचे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जाई. तेव्हा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक असा सारा बाडबिस्तरा पुण्यास हलवावा लागे, आणि तेथे येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेत एका मैदानावरून हे टपाल उडे. ज्या वर्षी त्या तुरुंगात महात्मा गांधींचे उपोषण व पुणे करार घडला, त्याच सालच्या ऑक्टोबरात ही सेवा सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मैदानाचे चित्र अधिक ठळक होते. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी पहिल्या वर्षात पश्चिम घाटावरील पावसाळी ढगांतून जाऊनही टपाल एकदाही चुकले नाही, आणि सरकारी अहवालात शंभर टक्के नियमितपणाची नोंद झाली.

हा शंभर टक्क्यांचा आकडा जे. आर. डीं.च्या लेखनाचा कणा आहे असे आम्हांस वाटते. पुढे १९४८ साली एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ते अध्यक्षपदी राहिले. १९७८ साली सरकारने ते पद त्यांच्याकडून काढून घेतले. ह्या प्रदीर्घ काळात त्यांनी अधिकाऱ्यांस जी टिपणे लिहिली, ती त्यांच्या पत्रसंग्रहाचा सर्वांत वाचनीय भाग होत. विमानात बसले की ते प्रवासी म्हणून बसत नसत. कागद घेऊन बसत. खुर्चीची पाठ किती मागे कलते, पडद्याचा रंग भिंतीशी जुळतो की नाही, ह्याची नोंद ते करीत. जिनिव्हाहून निघालेल्या विमानातील चहाचा रंग कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही, अशा अर्थाचे त्यांचे एक टिपण प्रसिद्धच आहे.

कोणी म्हणेल, ह्यात साहित्य ते कोणते? चहाच्या रंगाविषयी तक्रार करणे हा साहेबी चोखंदळपणा झाला. आमचे उत्तर असे की ह्या टिपणांतील भाषा पाहावी. दोष कोणता, तो कोठे आढळला, केव्हा आढळला आणि त्याची तुलना कशाशी केली, हे चार प्रश्न प्रत्येक टिपणात सुटलेले असतात. रागाचा शब्द क्वचित येतो. आला तर विनोदात गुंडाळून येतो. वैमानिक उतरल्यावर आपल्या नोंदवहीत ज्या रीतीने इंजिनाचा दोष लिहितो, त्याच रीतीने जे. आर. डीं.नी चहाचा दोष लिहिला आहे. आपल्या भागातील कोणत्याही कारखान्यात गेजने माप घेऊन नापास झालेल्या नगावर चिठ्ठी लावणाऱ्या तपासनिसास ही भाषा तात्काळ ओळखता येईल. नग वाईट आहे असे लिहून त्याचे काम भागत नाही. कोणते माप किती चुकले ते त्यास लिहावे लागते. १९६६ साली टेल्कोने पिंपरीस बस्तान मांडले, आणि सुमंत मुळगावकर ह्यांनी तेथे यंत्र-हत्यारे बनविणारा विभाग व कामगारांचे शिक्षण ह्यांकडे आधी लक्ष पुरविले, तेव्हा हीच दृष्टी येथील मातीत रुजली. मालमोटारीचा गिअर आणि विमानातील चहा ह्यांस एकच कसोटी लावणारे मन मराठी गद्यात विरळा आढळते. आमच्या गद्यास स्तुती येते, निंदा येते, उपहास तर फारच चांगला येतो. पण मोजून सांगितलेला दोष येत नाही.

जगातील वैमानिक-लेखकांच्या पंक्तीत जे. आर. डीं.स कोठे बसवावे? सर्वप्रथम आठवण होते ती आंत्वान द सेंत-एक्झुपेरी ह्यांची. दोघांची मातृभाषा फ्रेंच, वयात चार वर्षांचे अंतर, आणि दोघांनीही विमानातून टपालच नेले. एकाने आफ्रिकेच्या वाळवंटावरून व दक्षिण अमेरिकेतून नेले, दुसऱ्याने सिंध-गुजराथवरून. सेंत-एक्झुपेरी ह्यांच्या १९३९ सालच्या ग्रंथात रात्र, वाळू, तारे व मृत्यू ह्यांचे जे चिंतन आहे, त्याची बरोबरी जे. आर. डीं.च्या कोणत्याही पानास करता येणार नाही, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. दुसरे उदाहरण आकाशातील कसरतींत इंग्लंडचे विजेतेपद अनेकदा मिळविणाऱ्या नील विल्यम्स ह्यांचे. १९७० साली सरावात त्यांच्या झ्लिन विमानाचा एक पंख मुळाशी निखळून वर दुमडू लागला. विमान उलटे केले तर हवेच्या दाबाने पंख जागेवर बसेल, हे त्यांनी क्षणार्धात ताडले, उलट्या स्थितीतच ते धावपट्टीजवळ आले आणि अखेरच्या क्षणी सुलटे होऊन जमिनीस टेकले व जिवंत राहिले. कसरतीच्या कलेवर १९७५ साली त्यांनी लिहिलेला ग्रंथ अद्याप त्या विषयातील आदर्श मानला जातो. १९७७ साली एक जुने विमान स्पेनहून इंग्लंडला नेताना त्यांचा अंत झाला. ज्याचे अंग साऱ्या प्रेक्षकांचे श्वास रोखणारे, त्याचे गद्य मात्र शिक्षकाचे, पायरीपायरीने जाणारे.

सेंत-एक्झुपेरी कवी आणि विल्यम्स शिक्षक, असे मानले तर जे. आर. डी. ह्या दोहोंहून भिन्न असे व्यवस्थापक ठरतात; आणि व्यवस्थापकाच्या गद्यास साहित्यात स्थान देण्याची आम्हांस सवय नाही. परंतु तिघांतही एक समान गुण आहे. जमिनीवरचा लेखक चुकीचे विशेषण लिहून जिवंत राहतो; वैमानिकास उंची, वेग व इंधन ह्यांविषयी चुकीचा शब्द परवडत नाही. ही शिस्त तिघांच्या लेखनात उतरली आहे.

आता दोषांकडे वळणे प्राप्त आहे, कारण थोर पुरुषाच्या लेखनाचे दोष झाकून ठेवणे हा त्याचा मान नव्हे. पहिला दोष असा की जे. आर. डीं.नी आपले सामर्थ्य तुकड्यातुकड्यांत खर्च केले. अर्धशतकाहून अधिक काळ उडणाऱ्या ह्या पुरुषाने एक सलग ग्रंथ लिहिला असता, तर कच्छचे रण, खंबायतचे आखात, पावसाळ्यातील सह्याद्री हे आकाशातून कसे दिसतात ह्याचे भारतीय वाङ्मयातील पहिले अधिकृत वर्णन आपणांस मिळाले असते. आज त्यांच्या लेखनात खालची भूमी फार थोडी दिसते. विमान दिसते, वेळ दिसते, माणसे दिसतात, देश मात्र ढगाखाली राहतो. दुसरा दोष विनोदाचा. विनोद हे त्यांचे कवच आहे. जेथे भीती वाटली असेल, जेथे अपमान झोंबला असेल, तेथे ते थट्टेचा एक शब्द टाकून पुढे जातात, आणि वाचकास त्या कवचाच्या आत प्रवेश मिळत नाही. तिसरा दोष परिस्थितीचा म्हणावा लागेल. ते तीन यांत्रिकांचा उल्लेख करतात. त्या यांत्रिकांच्या अंगाखांद्यावरूनच पहिले शंभर टक्के उभे राहिले. परंतु त्यांचे चेहरे आपणांस दिसत नाहीत. धनिकाच्या घरी जन्मलेल्या तरुणास आकाश जेवढ्या सहज मिळाले तेवढ्या सहज ते त्या यांत्रिकांस मिळणे शक्य नव्हते, ही गोष्ट त्यांच्या गद्याच्या कडेस उभी राहते. आत येत नाही. ज्या पट्ट्यात आम्ही राहतो, तेथील वाचकाची नजर प्रथम ह्या रिकाम्या जागेवरच पडेल, आणि ती पडणे योग्यही आहे.

एवढे बोलून झाल्यावर १९८२ सालच्या प्रसंगाकडे आले पाहिजे. पहिल्या टपाल-उड्डाणास तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला होता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तो तिसऱ्यांदा केला. टपालाची आवश्यकता नव्हती. पत्रे जेटमधून जात होती. म्हणजे हे उड्डाण केवळ दाखविण्यासाठी होते. ज्या प्रदर्शनाच्या युगातून व्हिन्सेंट ह्यांनी व त्यांनी विमानास बाहेर काढले, त्याच युगाकडे ते म्हातारपणी परतले काय, असा प्रश्न एखाद्या कठोर टीकाकारास सुचेल.

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी जुहूवर उतरल्यानंतर त्यांनी केलेल्या छोट्या भाषणात आहे. देशात निराशा पसरली आहे, मनोधैर्य खचले आहे, म्हणून तरुणांच्या मनात थोडी आशा व उत्साह उत्पन्न व्हावा एवढ्यासाठी हे उड्डाण केले, असे त्यांनी सांगितले. मग तरुणांस त्यांनी जी इच्छा बोलून दाखविली ती अशी, की तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे व्हाल तेव्हा तुम्हांसही असे वाटावे, की अडचणी आल्या तरी एखादे काम आपल्या हातून होईल तितके चांगले, आणि लोकांस वाटले होते त्याहून चांगले, केले ह्यात आनंद आहे. साधे शब्द आहेत. परंतु त्यांत पराक्रमाचा उल्लेख नाही, इतिहासाचा नाही, स्वतःच्या वयाचा अभिमान नाही. लोकांची अपेक्षा आणि आपले काम ह्या दोन मापांतील अंतर तेवढे सांगितले आहे. पुन्हा मापच! पेगूच्या कसरती पाहून दिपलेला मुलगा आयुष्याच्या अखेरीस स्वतः प्रदर्शन करावयास निघाला, तेव्हाही त्याने फेर मारला नाही, डोळे दिपविले नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी जे काम केले होते तेच, त्याच वाटेने, ठरल्या दिवशी पुन्हा करून दाखविले. आकाशातील प्रदर्शनाचे ह्याहून गंभीर स्वरूप आम्हांस ठाऊक नाही.

जे. आर. डीं.चे निधन २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे झाले. त्यांनी उभारलेली विमानकंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे परत आली. त्यांची पुतळ्यांतून व नामफलकांतून आठवण पुष्कळ ठेवली गेली, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचे मागणे एवढेच आहे की ह्या औद्योगिक पट्ट्यातील तंत्रशिक्षणाच्या शाळांनी, जेथे चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांसाठी दरवर्षी मुले तयार होतात, त्यांच्या टिपणांपैकी निवडक पाच-सहा टिपणे चांगल्या मराठीत करवून घेऊन वर्गात वाचावीत, आणि मुलांस सांगावे की तुमच्या यंत्रावर आज जो दोष दिसला तो ह्या रीतीने लिहून आणा. दहा मुलांपैकी नऊ रुक्ष लिहितील. दहाव्याच्या वहीत कदाचित त्या तीन अनाम यांत्रिकांपैकी एखाद्याचा आवाज उमटेल, आणि जे. आर. डीं.च्या गद्याने जी जागा रिकामी ठेवली ती मराठीत भरून निघेल. दिघी-आळंदीच्या बाजूस लोहगावच्या तळावरील लढाऊ विमानांचा आवाज रोज ऐकू येतो, तेव्हा खाली काम करणारी माणसे क्षणभर मान वर करतात व पुन्हा कामास लागतात. त्या वर केलेल्या मानेचे गद्य अजून कोणी लिहावयाचे आहे.